कोपऱ्यातलं शिंगरू

पागेत तिला सगळे सुईण म्हणत. माणसांच्या बाळंतपणाशी तिचा काही संबंध नव्हता आणि तो नसलेलाच तिला बरा वाटे. विणीला आलेल्या घोड्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. कुणाच्या सडांवर मेणासारखे थेंब धरलेत, कुणाची शेपटीजवळची जागा सैल पडलीय, हे ती अर्ध्या दारावरून नुसतं बघून सांगे आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. चुकलं की घोडीवर खापर फोडून मोकळी होई. नवरा त्याच पागेत ट्रॅक्टर चालवायचा. पेंढा आणायचा, लीद न्यायची, आणि एखादं जनावर मेलं तर तेही त्यालाच न्यावं लागायचं. माणूस कामाला वाघ, पण बोलायला महाग. घरात दोघंच. गरजेपुरतं बोलून दोघांनी संसार रेटला होता आणि लोकांना तो सुखाचा वाटायचा.

त्या हंगामात एक तरुण घोडी व्याली आणि पोटातल्या पोटात रक्त जाऊन, शिंगरू धड उभं राहायच्या आत मेली. मागे उरलं ते शिंगरू म्हणजे चार काड्यांवर ठेवलेलं रिकामं पोतं. पागेतल्या टवाळांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पावडरचं दूध त्याला मानवेना. वरून घातलेलं खालून वाहून जाई. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राही, आणि ते लक्षण वाईट हे पागेत झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं.

घोड्यांच्या डॉक्टरांनी आजूबाजूच्या सगळ्या पागांना फोन लावले. शिंगरू मेलेली आणि दूध असलेली घोडी कुणाकडे आहे का? कुणाकडेच नव्हती. एरवी अशा बातम्या हव्या नसताना येतात.

"मग आपण तयार करू," डॉक्टर म्हणाले.

"काय तयार करू?" मॅनेजरनं विचारलं.

"आई."

मॅनेजरला वाटलं, डॉक्टरांची झोप झालेली नाही. पण डॉक्टर गंभीर होते. पूर्वी व्यालेली, शांत स्वभावाची, सध्या गाभण नसलेली घोडी घ्यायची. तिला काही दिवस अशी औषधं द्यायची की तिच्या शरीराला वाटावं, आपण गाभण आहोत आणि दिवस भरत आलेत. सोबत दूध उतरवणारं औषध. मग गाभणपण टिकवणारं औषध एकदम थांबवायचं. शरीर समजतं, वेळ आली.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मॅनेजर म्हणाला.

"मी आडातच आणतो म्हणतोय ना!"

निवड झाली थोरलीची. पागेतली सगळ्यांत जुनी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका, चालणं एखाद्या घरंदाज बाईसारखं. कितीतरी शिंगरं तिनं वाढवली होती. दोन हंगामांपूर्वीचं शेवटचं मात्र मेलेलंच आलं, आणि त्यानंतर ती वेळच्या वेळी माजावर यायची, पण गाभण राहायची नाही.

इंजेक्शनं डॉक्टर देत. जिभेवर घालायचं तेलकट औषध देण्याचं काम सुईणीकडे आलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "हातमोजे घातल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. हे कातडीतून आत जातं. बायकांची पाळी बिघडवतं."

"माझं काय बिघडायचं राहिलंय आता?" ती म्हणाली.

"तरी घाला."

तिनं घातले. थोरलीच्या तोंडात ते तेल सोडताना तिला दर वेळी जरा अपराधी वाटायचं. आपण हिला काहीतरी खोटं सांगतोय, आणि ही बिचारी माना डोलावून ऐकतेय. आधी कास नुसती सुजल्यासारखी झाली. मग एका सकाळी सड दाबल्यावर चिकट, पिवळसर थेंब आला, आणि बघता बघता पांढरी धार लागली. टवाळांनी टाळ्या वाजवल्या. सुईणीनं मात्र हात मागे घेतला. वीण नाही, वेणा नाही, आणि दूध! तिला ते अभद्र वाटलं. पण असं बोलून दाखवलं असतं तर लोक हसले असते.

हातानं काढलेलं दूध पैलवानाला बाटलीतून पाजलं. ते त्याच्या पोटात टिकलं. पण हातानं निघणार ते कितीसं? आणि शिंगरानं ओढलं नाही तर घोडीचं दूध आटतंच. शिंगरू तिच्या अंगाला लावायलाच हवं होतं.

म्हणून एका सकाळी थोरलीला विणीच्या मोठ्या खणात आणलं, खाली भरपूर पेंढा पसरला. पैलवानाला तिच्या तोंडासमोर धरायचं काम सुईणीचं. डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि आत हात घालून गर्भाशयाचं तोंड ताणायला सुरुवात केली. बाहेर येणाऱ्या शिंगरानं जसं ताणावं, तसंच. शरीराला द्यायचा हा शेवटचा निरोप होता. थोरलीला घाम फुटला. ती कण्हली, कुंथली, मागे वळून वळून बघू लागली. डॉक्टरांनी थोडा दम घेऊन पुन्हा तेच केलं. आणि मग थोरलीच्या गळ्यातून तो आवाज आला, हलका, घुमणारा. घोडी हा आवाज नुकत्याच जन्मलेल्या आपल्या पिल्लाशी बोलतानाच काढते.

"जमलं!" मॅनेजर दारातून ओरडला.

थोरली पुढे आली. पैलवानाच्या जवळून, जणू तिथं एखादी बादली ठेवलेली असावी तशी, पुढे निघून गेली. मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन तिनं मान खाली घातली आणि पेंढा चाटायला लागली. आवाज चालूच होता. ती लांब, सावकाश चाटत होती, पिल्लाचं ओलं अंग कोरडं करावं तशी.

तिथं काहीच नव्हतं.

पैलवान लटपटत तिच्या कासेकडे गेला, तशी तिचे कान मागे पडले. ती चावली आणि वर एक लाथही बसली. पैलवान भिंतीवर जाऊन आदळला. सुईणीनं त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा तो थरथरत होता आणि थोरली पुन्हा कोपऱ्यावर पाय फाकवून उभी होती, मधे काहीतरी लहानसं असल्यासारखी, त्याला खूर लागू नये अशी बेतानं.

मग सगळे उपाय झाले. तिचंच दूध पैलवानाच्या पाठीला चोळलं. तिच्या नाकपुड्यांना झोंबणारं मलम लावलं. तिला बांधून ठेवलं तर तिनं पान्हा चोरला. दुसऱ्या खणात नेलं तर किंचाळून पागा डोक्यावर घेतली, दाराच्या फळ्या फोडल्या, गुडघे रक्तबंबाळ करून घेतले. परत आणल्यावर ती थेट कोपऱ्यात गेली, वास घेतला आणि शांत झाली. पालथ्या घड्यावर पाणी.

डॉक्टर उलट्या बादलीवर बसले. "आपण तिच्या शरीराला सांगितलं, तू व्यालीस. त्यानं विश्वास ठेवला. मग शरीर शिंगरू शोधायला लागलं." त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि तिला सापडलं."

"कुठलं शिंगरू?" मॅनेजर म्हणाला.

सुईणीला कळलं होतं. दोन हंगामांपूर्वी थोरली याच खणात व्याली होती. मेलेलं शिंगरू याच कोपऱ्यात पडलं होतं. पागेची रीत अशी की मेलेलं शिंगरू घोडीपाशीच राहू द्यायचं. ती हुंगते, चाटते, पायानं ढोसून बघते, आणि मग केव्हातरी स्वतःच पाठ फिरवते. त्यानंतरच ते उचलायचं. पण त्या दिवशी थोरलीची वार पोटातच अडकली, तिला गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागलं, शेजारच्या खणात दुसरी घोडी आडवी झाली. सगळ्यांची तारांबळ उडाली. त्या घाईत शिंगरू पोत्यात गुंडाळून ट्रॅक्टरवर गेलं. थोरली शुद्धीवर आली तेव्हा कोपरा धुऊन काढलेला होता. चूक म्हणावी तर कुणाचीच नाही.

दुपारी पागा सुस्तावली, तेव्हा सुईण एकटीच अर्ध्या दाराशी बसून राहिली. भर उजेड होता, छताच्या पत्र्यावर पाखरं नखं घासत होती. थोरलीची नजर कोपऱ्यातून निघाली, भिंतीच्या कडेनं हळूहळू सरकली, थांबली, पुन्हा सरकली. नुकतं चालायला लागलेलं पिल्लू जसं चालतं तशीच थांबत थांबत. मग तिनं एक मागचा पाय सैल सोडला, कुल्ला कलता केला आणि उभी राहिली. कासेतून दूध आपोआप ठिबकायला लागलं. थेंब पेंढ्यात पडत होते आणि पेंढा ते पीत होता. कोपऱ्यात पेंढ्याला खळगा पडला होता. तो थोरलीच्या चाटण्यानं पडला असणार. असणारच. तरी झाडताना आपण मघाशी त्या खळग्याला वळसा घालून गेलो, हे सुईणीला आठवलं.

ती घाबरली होती, पण थोरलीला नव्हे. असा एक कोपरा तिच्याही घरात होता.

लग्नानंतर काही वर्षांनी तिला दिवस गेले होते. शेवटी अडलं, गुंगी देऊन पोट फाडावं लागलं. जाग आली तेव्हा कुशीत काही नव्हतं आणि खोलीत सासूबाई होत्या. "न बघितलेलंच बरं," सासूबाई म्हणाल्या. "बघितलं की मन अडकतं." त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या छातीवर घट्ट पट्टा बांधला, दूध आटावं म्हणून. मायेनंच बांधला, त्यात शंका नाही. पण न बघता मन किती अडकतं हे त्यांना कुणी सांगायचं? तेव्हापासून ते मूल घरात होतं. वयानं वाढतही होतं. स्वयंपाकघरात वळताना ती कधी कधी वाट द्यायला थबकायची. कपडे वाळत घालताना मागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. वळून बघितलं तर उंची कळायची, खांदे कळायचे, आणि चेहऱ्याच्या जागी काहीच नसायचं. तिनं तो पाहिलाच नव्हता, मग आणणार कुठून? हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच.

उन्हं कलायला लागली तसे डॉक्टर परत आले. पैलवान आता उठत नव्हता. नळी घालून दूध दिलं तरी त्याचा जीव त्यात नव्हता.

"आज हिनं जवळ घेतलं तर घेतलं," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर मी संध्याकाळी त्याला सोडवतो. उगीच हाल नकोत."

सुईण उठली. "त्याला माझ्याकडे द्या."

"काय करणार?"

"ती जिथं शोधतेय तिथं ठेवणार."

"अहो, ती तिथं कुणाला फिरकू देत नाही. लाथ बसली तर बरगड्या जातील."

"बसू दे," ती म्हणाली. डॉक्टरांनी तिचं तोंड बघितलं आणि ते दाराची कडी काढून हातात दोर धरून उभे राहिले.

तिनं पैलवानाला पोटाशी धरलं आणि भिंतीला पाठ घासत, बसल्या बसल्या सरकायला लागली. थोरलीचे कान मागे गेले. अर्ध्या वाटेवर पहिला चावा खांद्यावर बसला. ब्लाउज फाटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती थांबली नाही. पुढे लाथही आली, पण जवळून, ओझरती, मांडीवर. नशीब म्हणायचं. ती खळग्यापाशी पोचली आणि तिथं मात्र थांबली. पैलवान हातात होता, खळगा समोर होता, आणि तिच्यानं त्याला तिथं ठेववेना.

लाथेची भीती आता राहिली नव्हती. ती जागा दुसऱ्याची होती. दोन वर्षं कुणी त्याची आठवण काढली नव्हती. आईनं एकदाची काढली, आणि आपण त्याला तिथूनही हुसकवायला निघालोय. तिला त्या कधी न उठलेल्या शिंगराची इतकी दया आली की रडूच फुटलं. डॉक्टर दारातून काहीतरी म्हणत होते, ते तिला ऐकू येत नव्हतं. पैलवानाचा श्वास तिच्या मनगटावर लागत होता, अगदी बारीक.

"सरक रे बाळा," ती कोपऱ्याला म्हणाली. "थोडं सरक. याला जागा दे."

आणि तिनं पैलवानाला खळग्यात ठेवलं, त्याच्यावर पेंढा ओढला आणि स्वतः वाकून त्याच्यावर अंग धरलं. आता काय व्हायचं ते होवो. मानेवर थोरलीचा गरम श्वास आला. बराच वेळ तो तिथंच राहिला. मग नाक तिच्या काखेखालून आत घुसलं, तिला बाजूला सारायला लागलं, आधी हळू, मग घरच्या सासूसारखं हक्कानं. सुईण कडेला लवंडली. थोरलीनं पेंढ्यात तोंड खुपसलं. शोधत होती तिथं, शोधत होती तसं, गरम आणि हलणारं काहीतरी तिला लागलं.

ती इतक्या जोरात हुंगायला लागली की पेंढ्याच्या काड्या उडाल्या. मग तो आवाज आला आणि तिनं चाटायला सुरुवात केली. कान, डोळे, मान. पैलवान बारीक आवाजात ओरडला, आणि तिनं नाकानं त्याला असं काही ढोसलं की त्या मरतुकड्याला उठण्यावाचून इलाज राहिला नाही. पडला, उठला, पुन्हा पडला. शेवटी कासेशी पोचला. थोरलीनं मागचा पाय सैल सोडला. चुटुक चुटुक आवाज यायला लागला तशी डॉक्टरांनी दाराला डोकं टेकलं आणि ते हातातला दोर तसाच धरून मॅनेजरला सांगायला धावले.

सुईण भिंतीला टेकून बसून राहिली. थोरलीनं कोपऱ्याकडे पुन्हा एकदाही बघितलं नाही. पैलवानाला पाजता पाजता ती मागे सरकली आणि त्या खळग्यात तिचा खूर सहज पडला. तिचं शोधणं संपलं होतं. चांगलं झालं, हेच हवं होतं. पण सुईणीला इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बाहेर ट्रॅक्टर थांबला. नवरा पेंढ्याचा भारा घेऊन दारात आला आणि तिचा खांदा बघून त्यानं भारा टाकलाच.

"अगं, रक्त येतंय! काय झालं?"

"काही नाही. घेतलं तिनं त्याला."

तो आत आला, थोरलीला लांबून वळसा घालून सुईणीजवळ गुडघ्यांवर बसला. गळ्यातलं फडकं काढून खांद्यावर दाबून धरलं. त्याच्या हाताला डिझेलचा वास होता. ती त्या हाताकडे बघत राहिली. दोन वर्षांपूर्वी थोरलीचं शिंगरू याच हातांनी नेलं होतं. त्याआधी खूप वर्षांपूर्वी दवाखान्यातून आणखी एक गाठोडं यांनीच नेलं असणार. दुसरं कोण नेणार होतं? हे तिच्या मनात इतक्या वर्षांत कसं आलं नाही? आलं असेल, तिनंच येऊ दिलं नसेल.

"अहो," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं होतं ना?"

कशाबद्दल, हे त्यानं विचारलं नाही. फडकं दाबलेला हात तसाच राहिला.

"मुलगी होती," तो म्हणाला.

थोरलीच्या अंगाखालून पिण्याचा आवाज येत होता.

"आई म्हणाली, लगेच ने. मी लगेच नाही नेली. बाहेर पायरीवर घेऊन बसलो. शर्टाच्या आत धरली होती, थंड पडू नये म्हणून. मला माहीत होतं गं. तरी धरली होती."

तिला त्याचा असा संताप आला की त्याला मारावंसं वाटलं. खरोखर तिनं मूठ उगारली, आणि ती त्याच्या छातीवर नुसतीच टेकली. "मग मला सांगितलं का नाहीत? इतकी वर्षं?"

"तू विचारशील, म्हणून थांबलो होतो."

"मी का विचारायचं? तुम्ही सांगायचं!"

"हो," तो म्हणाला. "मी सांगायला हवं होतं."

पैलवान पिऊन पिऊन दमला आणि होता तिथंच आडवा झाला. थोरली त्याच्यावर उभी राहिली. दाराबाहेर मॅनेजरचा आणि डॉक्टरांचा आवाज जवळ येत होता. सुईणीनं नवऱ्याची बाही धरली आणि त्याला खाली पेंढ्यात बसवलं.

"आता सांगा," ती म्हणाली. "चेहऱ्यापासून सांगा."

त्यानं डोळे मिटले. त्याला आठवावं लागत नव्हतं, हे तिला दिसत होतं. कुठून सुरू करावं, एवढंच त्याला कळत नव्हतं.

"केस होते," तो म्हणाला. "पुष्कळ केस होते."